नेहमीचं पाणी

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१० ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार. पाया पडते असं समज. तू ‘असू दे, असू दे’ म्हणत पाय मागे घेतेस तेही मला इथून दिसतंय.

हे पत्र कौसाबाईच्या पाटीतून येतंय. ती आमच्या बिल्डिंगच्या गेटवर करटुली आणि कुर्डूची भाजी विकते आणि अकराच्या टेम्पोने खैरवलीला परत येते. रिकाम्या पाटीत कागद मावतो. तिला वाचता येत नाही, हा माझ्या दृष्टीने तिचा सगळ्यात मोठा गुण. तुझ्या फोनवर दादाने माझा नंबर ब्लॉक केलाय, त्याला तीन वर्षं झाली. ज्याला स्वतःच्या फोनची बॅटरी लावता येत नाही, त्याने बहिणीला ब्लॉक करायचं मात्र कोणाकडून तरी नीट शिकून घेतलं.

इकडे सगळं ठीक. समीरला महिनाभर दुसरी पाळी आहे. अंबरनाथ एमआयडीसीतून येतो तेव्हा कपड्यांना त्या केमिकलचा वास असतोच, आता मला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं. लिफ्ट पुन्हा बंद आहे. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून सोसायटीत रोज भांडणं. काल राखी होती. पाठवली नाही. मागच्या वर्षीचं पाकीट न उघडता परत आलं होतं, एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

कौसाबाईने पुराचं सांगितलं. म्हशीचा दोर कापताना विळा तुझ्या हाताला लागला आणि तरी ती एक म्हैस गेलीच, हेही सांगितलं. हात कसा आहे? टाके पडले का? दादा दवाखान्यात घेऊन गेला की हळद भरून मोकळा झाला?

मला एक सांगशील का? पाणी घरात आलं ते कुठवर? उंबऱ्यापर्यंत, की चुलीपर्यंत? आणि किती दिवस राहिलं? ‘लई दिवस’ असं नको, नक्की आकडा हवा. कशाला ते विचारू नकोस. आमच्या उल्हासनगरच्या ऑफिसात सध्या पुराचंच काम आहे, उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करायचे. त्यामुळे डोक्यात तेच असतं, दुसरं काही नाही.

बाकी विशेष नाही. उत्तर कौसाबाईकडे तोंडी दिलंस तरी चालेल.

तुझी,
श्रद्धा

•

शिरगाव
७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेल्या तुझ्या ओळी मिळाल्या. अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक शब्दाला छत्री धरल्यासारखी लांबलचक रेघ. मी चौथीत असताना माझ्या वहीवर नाव तूच घालून द्यायचीस.

पाणी चार दिवस होतं. चुलीच्या वर दीड हात. दादाने भिंतीवर कोळशाने रेघ मारून तारीख घातली. मग ग्रामपंचायतीत पूरबाधितांची यादी लागली, त्यात आपल्या घराचं नाव नाही. तो तालुक्याला गेला, मोबाइलमधले फोटो दाखवले, आणि साहेबाने कॉम्प्युटरवर नकाशा उघडून सांगितलं की उपग्रहात तुमच्याकडे पूर दिसत नाही, जे दिसतंय ते नेहमीचं पाणी. कौसाबाईने दादाची नक्कलच करून दाखवली, गेटवर, सगळ्या बायकांसमोर. “नेहमीचा? मंग माझी म्हस काय नेहमीच बुडतं?” बायका हसल्या. मीसुद्धा हसले. काय करणार होते?

त्याखालची तुझी ओळ मात्र मी चार-पाच वेळा वाचली. शेतात आता पाणीच राहतं, ओहळाची तक्रार केली तर बिल्डरचा माणूस तोच सरकारी नकाशा पुढे करतो, म्हणून दिवाळीनंतर उरलेली जमीन त्यालाच देऊन टाकायची असं दादा म्हणतोय. घरासकट. बाबांनी लावलेल्या फणसासकट. तू लिहिलंयस, ‘ते आता कुनाशी बोलत नाय.’ दादा आणि बोलत नाही! बोलताना ज्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा, तो.

वहिनी, तो नकाशा मी केलाय.

लिहून टाकलं एकदाचं. आता तू कागद बाजूला ठेवशील, पदराने हात पुसशील, आणि मग पुढचं वाचशील. वाच.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. हा उपग्रह ढगातूनही बघतो. पूर आल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्यावरून गेला. त्याच्या फोटोत पाणी काळं दिसतं. पण आषाढात आपल्याकडे सगळीच खाचरं भरलेली. लावणीचं पाणीही काळं आणि पुराचंही काळं. सगळंच पूर धरलं तर अख्खा तालुका बुडाला असं निघेल आणि लोक हसतील. म्हणून मागच्या दोन वर्षांचे त्याच आठवड्यातले फोटो घ्यायचे. तिथे दोन्ही वर्षी पाणी असेल तर ते ‘नेहमीचं पाणी’ समजायचं आणि वजा करायचं. उरेल तो पूर. त्याला निळा रंग द्यायचा, तालुक्याला पाठवायचा.

आता तूच सांग, मागची दोन वर्षं आपल्या शेतात काय होतं? बिल्डरचा भराव पडला तेवीसच्या फेब्रुवारीत. त्या पावसाळ्यापासून पाणी तुंबतंय. दादा तेव्हापासून ओरडत होता. मला वाटायचं, टोमणे मारतोय. मशीनने बघितलं, इथे तेवीसला पाणी, चोवीसला पाणी, म्हणजे नेहमीचंच. आणि वजा करून टाकलं. पद्धत सगळीकडे हीच वापरतात, माझ्या घरची नाही. चूक म्हटली तर मशीनची आहे.

आणि आता विषय निघालाच आहे तर दुसरंही बोलते. भराव मी विकलेल्या हिश्श्यावर पडला, हे मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. पण हिस्सा माझा होता. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी दादाने हक्कसोडीचा कागद माझ्यापुढे ठेवला, आधीच टाइप करून आणलेला. खाली ‘लिहून देणार’ म्हणून माझं नाव, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली. तू पुरणपोळ्या करत होतीस. खणाची चोळी आणि साडी ताटात तयार. “सगळ्या बहिनी करतात. कर सही,” दादा म्हणाला. मी कागद शेवटपर्यंत वाचला, तेवढ्यात त्याचा चेहरा उतरला. बहीण कागद वाचेल असं त्याच्या डोक्यातच नव्हतं! मी पेन खाली ठेवलं. तेव्हा तो काय म्हणाला ते तुझ्या लक्षात आहे का? “हिला शिकवली हीच चूक झाली.” मला शिकवायला त्याने एक वर्ष बैल घेतले नव्हते. ते वर्ष त्याने असं वसूल केलं.

मी ते विसरले नाही. विसरणारही नाही. माहेर हवं असेल तर हक्क सोडायचा, आणि हक्क हवा असेल तर माहेर सोडायचं, हा कुठला न्याय? ओवाळणीत साडी देणारा भाऊ थोर, आणि हिस्सा मागणारी बहीण कैदाशीण. जाऊ दे. तुला हे लिहून काय उपयोग, तू तर तुझ्या माहेरचा कागद न वाचताच सही करून आलीस.

हाताचे टाके निघाले असतील. ओलं ठेवू नकोस.

श्रद्धा

•

शिरगाव
१२ ऑक्टोबर

वहिनी,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. कौसाबाईला विचारलं तर म्हणाली, “दिला गो कागद. वाचलान ना चुलीत घातलान.” बरं केलंस. तो कागद चुलीच्याच लायकीचा होता. त्यात मी तुला नकाशा कसा करतात ते शिकवलं, दादाचं उणं काढलं, तुलाही एक टोला मारला, आणि जे लिहायला बसले होते ते सोडून सगळं लिहिलं.

हे पत्र मात्र जाळू नकोस. का ते शेवटी कळेल.

चूक मशीनची नाही. ती माझी आहे, आणि खरं तर तिला चूकही म्हणता येणार नाही.

त्या सकाळचा फोटो उघडला तेव्हा बाकी खोऱ्यातलं पाणी बरंचसं ओसरलं होतं. सगळ्यात ठळक, सगळ्यात मोठा काळा डाग एकच होता. मी तो जवळ आणून बघितला. खैरवलीचा रस्ता, नदीचं वळण, आणि डागाच्या मधोमध एक बारीक पांढरा ठिपका. आपलं घर. मला ओळखायला नकाशावरचं नाव वाचावं लागलं नाही.

आणि त्या डागाची एक कड सरळ होती. वहिनी, पाणी कधी सरळ रेषेत थांबत नाही. नदी, नाला, डबकं, सगळ्यांच्या कडा वेड्यावाकड्या. इथे पट्टीने आखल्यासारखी रेघ. ती माझ्या हिश्श्याची हद्द. मोजणीच्या दिवशी भर उन्हात मोजणीदाराबरोबर उभी राहून तिथले दगड मीच रोवून घेतले होते. त्या दगडांवर आज बिल्डरची भिंत आहे, भिंतीमागे दोन पुरुष उंच भराव, आणि भिंतीला टेकून तुमचं पाणी.

मग मी मागच्या दोन वर्षांचं पाणी वजा केलं. डाग पुसला गेला. एक बटण दाबलं आणि तुमचं घर कोरडं झालं.

मी ते होताना बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर झालं. नकाशासोबत एक तक्ता जातो, त्यात शेऱ्याचा रकाना असतो. तिथे ‘जागेवर जाऊन तपासावे’ एवढं लिहिलं असतं तर तलाठी आला असता आणि दादाने मारलेली रेघ त्याला दिसली असती. तीन शब्दांचं काम. मी रकाना कोरा ठेवला. तपासायला माणूस आला असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, पाणी अडवलं कोणी? भराव कोणाच्या जमिनीवर? विकली कोणी? मला ते प्रश्न नको होते.

आणि आणखी एक. तेही लिहिते. डाग पुसला गेला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. दादाचं ओरडणं एकदाचं कागदावरून नाहीसं झालं म्हणून. मग मी डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. तेव्हा मला म्हशीचं माहीत नव्हतं, तुझ्या हाताचं माहीत नव्हतं, पण पांढरा ठिपका दिसला होता. तेवढं पुरे होतं.

आता ज्यासाठी तू आजवर मला एका शब्दाने बोलली नाहीस, ते मी बोलते.

सौदा ठरला त्या आठवड्यात तू शेजारच्या बनूबाईच्या फोनवरून मला फोन केलास. दुपारची वेळ होती, मागे तिच्या कोंबड्यांचा आवाज येत होता. तू म्हणालीस, “तुझा हाय तो वीक गो बाय. मी तुला आडवत नाय. पन ओहळ सोडून वीक. ओहळ बुजला तर आमी बुडू.” मी ‘हो’ म्हणाले. तू विचारलंस, “नक्की ना?” मी म्हणाले, “वहिनी, तुझी शपथ.”

कागद करायच्या दिवशी मी बिल्डरच्या माणसाला सांगितलं, ओहळ उघडा राहील असं लिहा. तो हसला. म्हणाला, “मॅडम, तुमचा ओहळ नकाशावर नाही, सातबारावर नाही. पावसात चार महिने वाहतो तो काय ओहळ? ते लिहायला बसलो तर महिना जाईल.” या फ्लॅटच्या बुकिंगची तारीख आठवड्यावर आली होती. नकाशावर नाही, असं तो मला सांगत होता, आणि नकाशे करणं हा माझा धंदा! ज्या ओहळात तू मला पोहायला शिकवलंस, कमरेला रिकामा डबा बांधून, तो नाहीच, असं मी ऐकून घेतलं. आणि सही केली. त्या कागदावरही खाली ‘लिहून देणार’ म्हणून माझंच नाव होतं. त्या वेळी मात्र मी शेवटपर्यंत वाचलं नाही. काय नाही ते मला माहीतच होतं.

तू हे दादाला कधी सांगितलं नाहीस. मी शब्द दिला होता हेही नाही, मोडला हेही नाही. सांगितलं असतंस तर तो दारात येऊन बोंबलला असता, आणि इतकी वर्षं त्याने फक्त ‘हिस्सा घेतलान’ एवढाच राग धरला नसता. तू सगळं गिळून गप्प राहिलीस, आणि मी त्या गप्प बसण्याचा अर्थ सोयीने लावला की तूही दादासारखीच रुसलीस. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी आजवर दादासाठी वापरत होते.

आता काय केलं ते सांगते. मी भरावाच्या आधीच्या तीन पावसाळ्यांचे फोटो काढले. एकोणीस, एकवीस आणि बावीस सालचे. एकवीसला केवढा पूर होता! पण तिसऱ्या दिवशी आपलं शेत मोकळं दिसतंय. पाणी ओहळाने निघून गेलंय. ते फोटो धरून मी पुन्हा वजाबाकी केली. तुमचं घर, गोठा, खाचरं, सगळं निळं झालं. सरळ रेघेपर्यंत निळं.

तो नकाशा घेऊन सोनिया मॅडमकडे गेले. ऑफिस त्यांचं आहे, कंत्राट त्यांचं आहे. बाई वाईट नाही, दिवाळीला स्वतःच्या हाताने मिठाईचे डबे भरते. पण म्हणाली, “रिपोर्ट जमा हो गया, श्रद्धा. आता काय बोलू मी त्यांना? हमारी लड़की ने अपने भाई का खेत देखके नक्शा बदल दिया?” मी म्हणाले, पहिल्यांदाही भावाचं शेत बघूनच नकाशा केला होता, मॅडम. त्यांना ते कळलं नाही. मी समजावूनही सांगितलं नाही. म्हणाल्या, बाहेर काही बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस. शुक्रवारी मी राजीनामा ठेवला. समीरने आज विचारलं, “हप्ता कोण भरणार? तुझा उपग्रह?” त्याचंही खरं आहे.

गुरुवारी, सोळा तारखेला, अकरा वाजता तहसील कचेरीत यादीवरच्या हरकतींची सुनावणी आहे. हरकत जमीनमालकाचीच लागते, माझी चालत नाही. मी चौकशी केली, दादाने तो नकाशा बघून आल्यावर अर्जच केलेला नाही. सोबत अर्ज लिहून पाठवतेय. त्याची सही हवी. पेन्सिलीने फुली मारलेली नाही. त्याने आधी वाचावा, मग करावी.

मी दोन्ही नकाशे घेऊन साडेदहाला तिथे असेन. पहिला कोणी केला, का केला, दुसरा का वेगळा आला, ओहळ कुठे होता, हे सगळं सांगेन. यादीत नाव आलं तर ते एक. पण मला ओहळ हवाय. पूर आला असं एकदा कागदावर आलं की पाणी कशाने अडलं हे कोणीतरी विचारेल, आणि मग त्या भिंतीखालून वाट काढावी लागेल. निदान बिल्डरच्या माणसाला पुढे करायला नकाशा उरणार नाही. होईलच असं नाही. कचेऱ्या मला माहीत आहेत. पण तोवर दादाला बिल्डरच्या कागदावर सही करू देऊ नकोस. त्याला माझ्याशेजारी उभं राहायचं नसेल तर दोन हात लांब उभा राहू दे. बोलला नाही तरी चालेल. नकाशाकडे बोट दाखवलं तरी पुरे.

आणि त्याला सगळं सांग. शपथेचंही. आता माझ्यासाठी गप्प राहू नकोस.

एक स्पष्ट लिहिते, नाहीतर तुझा गैरसमज होईल. हिस्सा घेतला याची माफी मी मागत नाही. आज पुन्हा तो कागद पुढे आला तर पुन्हा पेन खाली ठेवीन. माफी शपथेची आहे आणि कोऱ्या ठेवलेल्या रकान्याची आहे. दादाने ही दोन्ही वेगळी ठेवावी. एकात एक मिसळून मला भाऊबीजेला बोलवायचं असेल तर नको. आणि वेगळी ठेवून बोलवायचं नसेल तरी मला समजेल.

दिवाळीचं सारवण काढलंस का? एवढं ऐक, वहिनी. बाकी सगळं घर सारव, पण ती एक भिंत तशीच ठेव. कोळशाच्या रेघेला हात लावू नकोस. माझ्या नकाशापेक्षा ती खरी आहे, आणि ती काढणाऱ्याने स्वतःचं काही लपवलेलं नाही.

हे पत्र तहसीलदारापुढे ठेवलंस तरी माझी हरकत नाही. त्यासाठीच या वेळी खाली ‘तुझी’ लिहीत नाही. तो हक्क मी केव्हाच सोडला, फक्त त्याचा कागद झाला नव्हता.

लिहून देणार,
श्रद्धा हिरामण गायकर
मूळ राहणार खैरवली